बडोदं नेमकं कुणाचं?

बडोद्याच्या स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'सयाजीबाग' म्हणून सांगा. तो क्षणभर थांबून विचारेल, "कमाटीबाग ने?" पाटीवर आणि पालिकेच्या कागदांवर सयाजीबाग, गावाच्या तोंडी मात्र कमाटीबाग. बागेबाहेरच्या चौकात सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला, १९०७ सालचा. राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून तो उभारला, आणि चौकाचं नाव पडलं काळाघोडा. महाराज वर बसलेत आणि पत्ता घोड्याच्या नावावर!

यात अनादर काही नाही. बडोदेकर माणूस सयाजीरावांबद्दल बोलायला लागला की त्याला आवरावं लागतं. पण नकाशा सरकार एक काढतं आणि गाव दुसरा काढतं. केव्हिन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकाराने हा दुसरा नकाशा शोधायचा नाद घेतला. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना त्याने आपापलं शहर आठवणीतून काढून दाखवायला सांगितलं आणि त्यावर १९६० मध्ये 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक लिहिलं. माणसं शहर ध्यानात ठेवतात ती वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा यांच्या आधाराने, असं त्याला दिसलं. बॉस्टनच्या लोकांच्या नकाशांत जीव होता. जर्सी सिटीत लक्षात राहावं असं फारसं काही नव्हतं, तिथल्या लोकांचे नकाशेही तसेच तुटक निघाले.

या हिशेबाने बडोदं भाग्यवान. मध्यभागी मांडवी, तिच्यापासून चार दिशांना चार दरवाजे : लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी गेट. खूण म्हणून रावपुऱ्याचा टॉवर, न्यायमंदिर, सूरसागर तलाव. आणि कड म्हणून विश्वामित्री नदी. ही नदी बागेतून आणि शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत, आणि पावसाळ्यात ती आपली हद्द विसरते. ३१ जुलै २०१९ च्या पावसात आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी लोकांच्या दारापर्यंत आल्या. इतक्या ठळक खुणांचं गाव डोक्यातून जात नाही.

डोक्यातून म्हणजे अगदी शब्दशः. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की चेततात. दुसऱ्या जागी दुसऱ्या. पुढे २००५ मध्ये नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी अंतर आणि दिशा यांची जाळी विणणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. हिप्पोकॅम्पस हाच घडलेले प्रसंग साठवण्यात गुंतलेला भाग आहे. म्हणून एखादी गोष्ट आठवताना ती कुठे घडली हे बहुतेक वेळा सोबतच येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना लग्नाची तारीख विचारा, अडखळतील. मांडव कुठे पडला होता ते विचारा, मांडवाच्या कुठल्या टोकाला आचारी बसले होते तेही सांगतील.

पण पेशी फक्त 'कुठे' एवढंच सांगतात. ती जागा आपली कधी होते, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूगोलाच्या अभ्यासकांची एक अख्खी शाखा उभी राहिली. चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन केलेले यी-फू तुआन हे तिचे म्होरके. १९७७ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं : मोकळ्या, अनोळखी अवकाशात माणूस थांबतो, वावरतो, त्याला अनुभव येतात, आणि मग तो अवकाश त्याचं ठिकाण होतो. त्याला लागतो तो वेळ. हे पटतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की तिथे कुणीतरी तुम्हाला थांबू देतंय. बडोद्याची गोष्ट सांगायची तर या गृहीतकापाशी परत यावं लागेल.

आधी मराठी माणसाचं बडोदं. पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले आणि १७३४ पासून बडोदं गायकवाडांकडे राहिलं ते १९४९ पर्यंत. राज्याबरोबर शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक, वैद्य, सावकार, तालमीतले वस्ताद, गवई आले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत वाडे उठले. त्यांतला रावपुऱ्याचा तांबेकर वाडा अजून बघायला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. बाहेरून तो गल्लीतला एक जुना उंच लाकडी वाडा, एवढंच. जिना चढून वर गेलं की भिंती चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीला आहेत, रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रज लढाई आणि युरोपी पेहरावातल्या बायका. ज्याने हे रंगवून घेतलं त्याला आपण कुठून आलो, कुठे राहतो आणि दाराशी कोण येऊन उभं आहे, हे तिन्ही एकाच खोलीत हवं होतं. इतिहासाच्या पुस्तकात या तिन्हींची प्रकरणं वेगळी असतात.

महाराष्ट्राला मात्र बडोदं आठवतं ते 'संस्थान' म्हणून, म्हणजे देणग्या आणि शिष्यवृत्त्या देणारं एक खातं असावं तसं. दादासाहेब फाळके तिथल्या कलाभवनात शिकले. रियासतकार सरदेसाई राजपुत्रांना शिकवायला गेले आणि आयुष्याची उमेदीची वर्षं तिथेच राहिले. विनोदी लेखक चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवत आणि राज्याचं दप्तरही सांभाळत. आपला चिमणराव पक्का पुणेकर, पण त्याला घडवणारा गृहस्थ रोज बडोद्याच्या रस्त्याने कामावर जात होता. मराठी साहित्य संमेलनही बडोद्यात एकदा नव्हे, चारदा भरलं : १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८.

ठिकाण माणसाला किती चिकटतं याचा दाखला म्हणून गायिका हिराबाई बडोदेकरांकडे पाहावं. त्यांच्या आई ताराबाई माने बडोद्याच्या, राजघराण्याशी नातं असलेल्या सरदार मान्यांच्या कन्या. वडील अब्दुल करीम खाँ दरबारात गात. दोघांनी बडोदं सोडलं, हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये मिरजेला झाला, नाव झालं ते मुंबई-पुण्यात. आईवडील पुढे वेगळे झाले. एका बहिणीचं नाव लग्नानंतर सरस्वती राणे झालं, भाऊ सुरेशबाबू माने राहिले. हिराबाईंच्या नावापुढे मात्र ज्या गावात त्या जन्मल्या नाहीत आणि वाढल्या नाहीत ते गाव लागलं, आणि महाराष्ट्रभर तेच नाव गाजलं. आपल्याकडे आडनावाला 'कर' लागतो तो गाव सुटल्यावरच. गावात राहणाऱ्याला त्याची गरज काय?

१ मे ही तारीख महाराष्ट्रात आपण झेंडावंदनाची म्हणून ओळखतो. बडोद्याच्या मराठी घरांसाठी ती दोनदा उगवली. १ मे १९४९ रोजी बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं. १ मे १९६० रोजी त्या मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि बडोदं गुजरातेत राहिलं. मुंबईत जल्लोष चालू होता त्या दिवशी दांडिया बाजारातला माणूस आपल्याच घरात बसल्या बसल्या भाषिक अल्पसंख्याक झाला. घर तेच, शेजार तोच, सूरसागरही जागच्या जागी.

अशा वेळी माणसं दोन प्रकारे वागतात. काही आपापलं कुंपण घट्ट करतात. बडोद्याने, सगळं धरून, दुसरा मार्ग घेतला असं मला वाटतं. मराठी मुली नवरात्रात गरब्याला जातात आणि गुजराती पोळांमध्ये, म्हणजे गल्ल्यांमध्ये, गणपती बसतो. मराठी वाङ्मय परिषद आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, नारायणगुरूंची तालीम आहे. घरात मराठी, दारात गुजराती, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, आणि एका वाक्यात या चारही. पुण्याचे नातेवाईक त्या मराठीला हसतात. हसोत बापडे. त्यांची मिसळ खाऊन झाली की बडोद्याची सेव-उसळ समोर ठेवावी : वाटाण्याची पातळ झणझणीत उसळ, वरून जाडी शेव, चिरलेली कांद्याची पात, लसणाची चटणी आणि पाव. उसळ ओळखीची, शेव गुजराती, आणि हा पदार्थ बडोद्याखेरीज कुठे नीट जमत नाही, असं बडोदेकर ठासून सांगतात. मराठी आणि गुजराती दोघेही.

मग खरं बडोदं कुठलं? डोरीन मॅसी या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ बाईंनी १९९१ मध्ये लंडनच्या किलबर्न हाय रोड या आपल्या रोजच्या रस्त्यावर एक निबंध लिहिला. आयरिश पोस्टर, साड्यांचं दुकान, हिथ्रोकडे निघालेली विमानं, असं सगळं त्या रस्त्यावर दिसतं. बाईंचं म्हणणं असं की ठिकाणाची ओळख त्याच्या कुंपणातून येत नाही, बाहेरच्या जगाशी त्याचे जे धागे जुळलेत त्यांच्या गाठीतून येते. मूळ रहिवासी कोण आणि उपरा कोण, हा वाद तिथे लंगडा पडतो.

बडोद्याला हे वाचायची गरज नव्हती. खुद्द महाराज बाहेरचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ, लिहिता-वाचता न येणारा बारा वर्षांचा मुलगा. २७ मे १८७५ रोजी राजघराण्यातल्या जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. त्याचा लक्ष्मीविलास राजवाडा इंग्रज वास्तुविशारदांनी बांधला : चार्ल्स मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम तडीला नेलं. आत चित्रं केरळच्या रविवर्म्याची, शिल्पं इटालियन फेलिचीची. खेडोपाडी वाचनालयं उभी राहावीत म्हणून १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला. राज्याच्या नोकरीला आणि पुढे कॉलेजात शिकवायला इंग्लंडहून परतलेला तरुण बंगाली आला, अरविंद घोष. तो दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहिला आणि मराठी शिकला. व्यायामाचं शास्त्र उभं करणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांचे गुरू होते जुम्मादादा. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठात ललितकलेची शाखा निघाली, तेव्हा तिथे इंदूरचे मराठी चित्रकार बेंद्रे आणि बंगालचे शिल्पकार शंखो चौधुरी एकत्र शिकवत होते. यातला एकेक माणूस वजा करत गेलात तर उरतं काय? विश्वामित्रीच्या काठी वडाखाली वसलेलं एक गाव.

इथपर्यंत चित्र गोड आहे, आणि बडोद्यावरचे बहुतेक लेख इथेच थांबतात. पण याच शहराने ज्या माणसाला राहायला खोली दिली नाही त्याची गोष्ट सोडून बडोद्यावर लिहिता येत नाही.

भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार दहा वर्षं राज्याची नोकरी करायची होती. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कामावर रुजू झाले. नोकरी होती, पगार होता, राजाची मर्जी होती. राहायचं कुठे? हिंदू हॉटेल घेणार नाही हे ठाऊक होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत रखवालदाराशी बोलणं झालं. ती फक्त पारशांसाठी, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, तिला लागून मोठा दिवाणखाना, त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्यांचा ढीग. वीज नाही. रात्री रखवालदार एक कंदील आणून देई. अंधारात वटवाघळं फडफडत. दुसरं कुणी त्या इमारतीत उतरलेलंच नव्हतं. न्यूयॉर्कहून आणि लंडनहून आलेला माणूस तिथे पुस्तकं वाचत बसायचा.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन आले. धर्मशाळा विटाळली म्हणून त्यांचा संताप. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असं बजावून गेले. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. नवराबायको दोघेही मूळचे ब्राह्मण घरातले, हे आंबेडकरांना माहीत होतं. उत्तर काय येणार ते कळून चुकलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती आणि वाजले होते चार. पाच तास कुठे काढायचे? ते कमाटीबागेत जाऊन बसले. पोरकं वाटल्यावर मुलं आईवडिलांना आठवतात तशी त्यांना तिथे आईवडिलांची आठवण आली, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. आठला उठले, टांगा करून धर्मशाळेत गेले, सामान खाली आणलं. रखवालदार बाहेर आला. दोघांनाही बोलायला शब्द सुचला नाही.

हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत आहे. स्वतःच्या देशात, स्वतःला नोकरी देणाऱ्या शहरात, व्हिसाची वाट पाहणं. तुआन यांच्या सिद्धांतात जे गृहीत धरलेलं होतं ते इथे कोसळतं. ठिकाण आपलं व्हायला वेळ लागतो, खरं. पण तो वेळ काढायला आधी दार उघडावं लागतं, आणि बडोद्यात ज्यांच्यासाठी दारं उघडी होती त्यांनी ती आपल्यासाठी उघडी आहेत असं कधी म्हटलंही नाही. त्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. राजाची सत्ता राज्यभर चालत होती, भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्यावर ती संपत होती.

त्या दिवशी शहरात त्यांना बसता आलं ती जागा सार्वजनिक बाग होती. धर्मशाळेला धर्म होता, खाणावळीला जात होती, बागेच्या बाकाला दोन्ही नव्हतं. सयाजीरावांनी राजवाडा बांधला, ग्रंथालयं काढली, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण १९१७ च्या त्या संध्याकाळी त्यांची एक साधी बाग कामाला आली. बागेतल्या ज्या वडाखाली बाबासाहेब बसले अशी परंपरा आहे ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या दिवसाची आठवण म्हणून दर २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात, लांबून येतात. त्यांतल्या अनेकांनी लक्ष्मीविलास पाहिलेलाही नसतो. त्यांच्या बडोद्याचा मध्य मांडवी नाही. ज्या शहराने खोली नाकारली त्याच शहरातलं हे ठिकाण, आणि ते त्यांनी स्वतः घडवलं आहे.

आता उलट दिशेची गोष्ट : ठिकाण हातातून जाण्याची. बॉस्टनच्या वेस्ट एंड या गरीब, गजबजलेल्या वस्तीवर १९५०च्या दशकाच्या अखेरीस बुलडोझर फिरला. 'झोपडपट्टी' हटवून लोकांना चांगली घरं मिळतील, असा हिशेब होता. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने त्या लोकांना नंतर गाठून विचारलं. १९६३ मध्ये त्याने लिहिलं की जवळजवळ निम्म्या बायकांच्या बोलण्यात घरातलं कुणी गेल्यासारखा शोक होता. त्यांचं तुटलं होतं ते छप्पर नव्हतं. कोपऱ्यावरचा दुकानदार, जिन्यातल्या गप्पा आणि ठरलेली वाट तुटली होती.

बडोद्यात बुलडोझर आला नाही, वाडे एकेक करून गेले. भाऊबंदकी, वाटण्या, भाडेकरूंचे खटले, पावसात खचलेली भिंत, मग बिल्डर. मुलं मांजलपूरला, कारेलीबागेला, जुन्या पादरा रोडला फ्लॅटमध्ये गेली. लिफ्ट आली, पार्किंग आलं. पुरात सामान माडीवर चढवायचं संपलं, हेही खरं. जुनं ते सारं सोनं असं म्हणणाऱ्यांनी वाड्यातल्या सामाईक संडासापुढे सकाळी एकदा उभं राहून बघावं. तरीही मांजलपूरचे आजोबा दांडिया बाजारात जायचं असलं की 'गावात जाऊन येतो' म्हणतात. आजूबाजूला वीसेक लाख वस्तीचं शहर आहे, गाव मात्र तेवढंच.

सार्वजनिक इमारतींचंही तसंच. न्यायमंदिर मुळात भाजीमंडई म्हणून बांधायला घेतलं आणि १८९६ मध्ये न्यायालय झालं. सव्वाशे वर्षं वकील, पक्षकार, टायपिस्ट आणि चहावाले यांनी ते चालवलं. २०१८ मध्ये न्यायालयं नव्या इमारतीत गेली. घुमट आहे, महाराणी चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा आहे, पण सकाळची ती गर्दी नाही. खंडेराव मार्केटमध्ये मात्र पुढे महापालिका आणि मागे भाजी-फुलांचा बाजार अजून चालू आहे. मला विचाराल तर दोन्हींपैकी जिवंत वास्तू ती.

तुमच्या घरात बडोद्याची आत्या, मावशी, आजोबा असतील तर एक काम करा. फोटो विचारू नका, फोटोत माणसं दिसतात, गल्ली दिसत नाही. त्यांना एक कोरा कागद द्या आणि वाड्यापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. विहीर कुठे होती, भाडेकरू कोण होते, कुठल्या घरात मुलांना आत बोलवत आणि कुठल्या घरात ओसरीवरच थांबवत, तेही त्यांनाच लिहू द्या. शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका, आणि उत्तर खोडू नका. असले नकाशे पालिकेकडे नाहीत.